लेगबाय

भाच्याला फोनवर संघ लावायचा होता,
शंभर क्रेडिटमध्ये अकरा माणसं, साडेसातच्या आत.
मामा, तुमचा कॅप्टन कोण?
मी म्हटलं, थांब जरा,
आणि माळ्यावरून वह्या काढल्या.

एकोणतीस वर्षं ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर
गुणलेखक होतो मी.
कोर्टाच्या बाजूला टेबल, वर कापडी छत्री,
दोन रंगांची पेनं,
पानं उडू नयेत म्हणून एक वीट.
जे पुढे मोठे झाले त्यांची नावं तुलाही पाठ आहेत.
ती नकोत.
माझ्या संघाची अट एकच:
तीनपेक्षा जास्त सामने खेळलेला चालणार नाही.

सलामीला सुबोध गुप्ते, नौपाडा.
दोन सामने, एकसष्ट धावा,
त्यातल्या पन्नास एकाच सकाळी.
मग बँकेची ऑर्डर आली, हिंगोली.
तिथून त्याचं एक कार्ड आलं होतं:
इथे मॅटिंगसुद्धा नाही.

जोडीला चेंदणीचा हरेश्वर नाखवा.
हुक मारायचा तो जाळं फेकावं तसा,
अख्ख्या पाठीतून.
पण होड्या सुटायच्या नारळी पौर्णिमेला
आणि आमचा मोसम दिवाळीनंतर.

बाझिल घोन्साल्विस यष्टीमागे.
मिस्सा चुकवायचा नाही.
तलावपाळीच्या चर्चमधून पांढऱ्या कपड्यांतच पळत यायचा,
तोवर पहिली चार षटकं
कोणीतरी दुसरंच त्याचे ग्लोव्ह्ज घालून
बाय देत बसायचं.

राबोडीचा इक्बाल मुकादम, डावखुरा फिरकी,
बावीस धावांत सहा.
पुढच्याच आठवड्यात वागळे इस्टेटमध्ये
लेथवर मधलं बोट गेलं.
मामा, मग तो कसा चालेल?
चालेल. माझ्या संघात बोटं मोजत नाहीत.

कळव्याचे भोईर बंधू, दोघांत बॅट एक.
थोरला आउट झाला की सीमारेषेवरच
धाकट्याच्या हातात द्यायचा,
मूठ अजून गरम.

आणि हे बघ, या पानावर नुसतं 'बदली' लिहिलंय.
लाँग ऑनला उलटं धावत झेल घेतला होता पोराने.
नाव विचारायचं राहून गेलं.
त्यालाही घे.

आणखी तिघं आहेत, सांगत बसत नाही.
सात वीस झालेत.

कॅप्टन प्रदीप आयरे.
एक सामना, पाच चेंडू, शून्य.

भाचा हसला. शून्याची दुप्पट शून्यच, मामा.

चौथा चेंडू आतली कड घेऊन
पॅडला घासून फाइन लेगला गेला होता.
चार.
लाकडाचा आवाज टेबलापर्यंत आला.
उन्हात डोळे बारीक केलेल्या अंपायरने
गुडघा उचलून त्यावर हात ठेवला.
अंपायर दाखवेल ते लिहायचं,
कानाला वहीत रकाना नसतो.
मी लिहिलं, अवांतर, चार.
आयरेने एकदा माझ्याकडे बघितलं.
पाचव्या चेंडूवर त्रिफळा.

पुन्हा कोणी त्याला बोलावलं नाही.
तो मात्र मला बोलवायचा,
रिक्षा स्टँडवर, रेशनच्या रांगेत, कोणाच्या तरी लग्नात,
काय लेगबाय!
आणि पाठीवर थाप.
गेल्या वर्षी जांभळी नाक्यावर दिसला, मटार निवडत होता.
थाप मारली नाही.
शेंग सोलता सोलता म्हणाला,
लाकूड होतं ना रे?
मी म्हटलं, अंपायरने गुडघा दाखवला होता.
त्याने पाव किलो घेतले
आणि सुट्ट्या पैशांसाठी भाजीवाल्याशी भांडला.

पान तेच आहे.
चौकडा माझ्याच अक्षरात, हिरव्या शाईत.
पेन उघडलं.
मग बंद केलं. सामना संपल्यावर वहीला हात लावायचा नसतो,
हे मीच नव्या पोरांना शिकवलंय.

पण तू लिही, म्हटलं.
आयरे, कॅप्टन, चार. दुपटीने आठ.

मामा, असा कोणी लिस्टमध्येच नाहीये.

माहितेय.
लिही.